‘हेवी ड्यूटी’ म्हणजे नक्की किती किलो? शाळेच्या कार्यशाळेसाठी टूल ट्रॉली निवडताना



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात १० दिवस दप्तराविना शाळा आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्याच कारागिरांकडून शिकणं, ही कल्पना मांडली आहे. मग हातोडी, करवत, पाने, पकडी, कानशी, ड्रिल मशीन हे सगळं शाळेत येतं. आणि आलं की प्रश्न पडतो, ठेवायचं कुठे? भिंतीतल्या कपाटात कोंबलं तर सापडत नाही. गोणीत भरलं तर धार जाते. म्हणून मोटारीच्या गॅरेजमध्ये असते तशी चाकांची, खणांची पत्र्याची पेटी घ्यायचं ठरतं. बाजारात तिला टूल ट्रॉली म्हणतात.

आम्हीही घेतली होती, दोन वर्षांपूर्वी, लोकवर्गणीतून. लालभडक, चकचकीत, पाच खणांची. दरपत्रकात लिहिलं होतं ‘हेवी ड्यूटी’. तीन दरपत्रकांत ती सगळ्यात स्वस्त, म्हणून तीच आली. तिसऱ्याच महिन्यात सहावीतल्या एका मुलीने १० नंबरचा पाना शोधताना वरचा खण उघडला, तो तसाच ठेवून दुसरा उघडला आणि आत डोकावायला खणाच्या कडेवर हात टेकवला. अख्खी ट्रॉली पुढे कलली. समोर टेबल होतं म्हणून त्यावर अडकली. मुलीला खरचटलंही नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. टेबल नसतं तर?

नंतर कळलं की चूक मुलीची नव्हतीच. आम्ही घेताना एकही आकडा विचारला नव्हता. ‘हेवी ड्यूटी’ हे माप नाही, विशेषण आहे. म्हणून हा लेख.

ट्रॉली का कलते?

सी-सॉ आठवा. ट्रॉलीत टेकू म्हणजे पुढच्या चाकांची रेषा. तिच्या मागे पेटीचं वजन, पुढे उघडलेल्या खणांचं. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, ज्या बाजूचं जास्त ती बाजू खाली. सातवीच्या मुलांना हे फळ्यावर सहज करता येतं.

समजा रिकामी ट्रॉली ४० किलोची, तिची खोली ४५ सेंटिमीटर. मध्य पुढच्या चाकांपासून साधारण २० सेंटिमीटर मागे. मागची बाजू झाली ४० × २० = ८००. आता १५ किलो सामानाचा एक खण पूर्ण बाहेर ओढला की त्या सामानाचा मध्य चाकांच्या पुढे साधारण २३ सेंटिमीटर येतो. १५ × २३ = ३४५. दोन खण उघडे असले तर ६९०. अजून ट्रॉली उभी आहे. आता मुलीने खणाच्या पुढच्या कडेवर हात टेकवला. फक्त १० किलोचा भार धरा, पण तो चाकांपासून ४३ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे ४३०. एकूण ११२०. आठशेच्या पुढे गेलं. कलणारच होती.

हेच गणित उपायही सांगतं. सगळ्यात खालच्या खणात बेंच व्हाइस, घण, ड्रिल मशीन असं २० किलो सामान ठेवून तो बंद ठेवला, की मागच्या बाजूला ४०० वाढले. १२००. म्हणजे ११२० पेक्षा थोडं जास्त, पण ‘थोडं’च. मुलांच्या खोलीत एवढ्या काठावर विसंबू नये. म्हणून पहिली अट ही घाला: एक खण उघडा असताना दुसरा उघडताच येणार नाही असं कुलूप हवं. दुकानात त्याला इंटरलॉक म्हणतात. असं कुलूप सगळ्या ट्रॉल्यांना नसतं, त्यामुळे मुद्दाम मागावं लागतं. सगळे खण एकदम बंद करणारी मध्यवर्ती किल्ली वेगळी, आणि हे वेगळं. दुकानदार बरेचदा दोन्ही एकच समजून ‘हो हो, लॉक आहे ना’ म्हणतो. आपण स्वतः दोन खण एकदम ओढून बघायचे.

एक बारीक गोष्ट मला गॅरेजमधल्या एका मिस्त्रीकाकांनी दाखवली. फिरती चाकं पुढच्या बाजूला असतील आणि ती आतल्या दिशेला वळून थांबली असतील, तर जमिनीला टेकणारा बिंदू दोन-चार सेंटिमीटर मागे सरकतो. टेकू मागे गेला की कलणं आणखी सोपं. त्यामुळे ट्रॉली जागेवर लावली की पुढची चाकं बाहेर वळलेली आहेत ना ते बघा आणि मगच ब्रेक दाबा.

चाकं: इथेच पैसे वाचवू नका

आमच्या जुन्या ट्रॉलीची चाकं तीन इंची, कडक प्लास्टिकची. आमच्या वर्गखोल्यांत शहाबादी फरशी आहे. फरशीच्या सांध्यात चाक अडकायचं, मागून ढकलणारा जोर लावायचा आणि पेटी हिंदकळायची. पाच इंची चाक तोच सांधा सहज ओलांडतं. चाकावर पॉलियुरेथेनचं किंवा चांगल्या रबराचं आवरण असावं. दोन चाकं स्थिर, दोन फिरती. चारही फिरती असली तर ट्रॉली बाजारातल्या ढकलगाडीसारखी कुठेही पळते. फिरत्या दोन्ही चाकांना ब्रेक हवाच.

चाकाची क्षमता विचारताना एक चलाखी ओळखा. ‘एकेक चाक ३० किलोचं, चार म्हणजे १२०’ असं सांगतात. पण आपल्या जमिनी सपाट कुठे असतात? चारपैकी एक चाक हमखास अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. म्हणून भागाकार चारने नाही, तीनने करायचा. ट्रॉली ४० आणि हत्यारं ८०, एकूण १२० किलो. भागिले ३ म्हणजे प्रत्येक चाक किमान ४० किलोचं. दारातला उंबरा, बसणारे धक्के धरून मी तर ६० चं मागेन.

उताराचंही बघा. शाळेच्या रॅम्पचा उतार १ ला १२ असेल, तर १२० किलोची ट्रॉली नुसती धरून ठेवायलाच साधारण १० किलोचा जोर लागतो. ती उतारावर सुटली तर थांबवायला कुणी मध्ये येऊ नये. रॅम्पवर ट्रॉली दोन मोठ्या माणसांनीच न्यावी, खण कुलूपबंद करून, मुलं लांब ठेवून. आणि तुमची कार्यशाळा वरच्या मजल्यावर असेल, रॅम्प नसेल, तर चाकांवर पैसे घालवूच नका, साधं भक्कम कपाट घ्या. एकूण हत्यारं २५-३० किलोच असतील तरीही हेच सांगेन.

पत्रा आणि खण

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज साधारण ०.७ मिलिमीटर, २० गेज ०.९, १८ गेज १.२. पेटीचा सांगाडा १८ गेजचा आणि खण २० गेजचे असले तर शाळेला पुरे.

दुकानात जाडी मोजायला कॅलिपर नसेल तर वजन विचारा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. ७० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल आणि ८५ उंच पेटीच्या दोन बाजू, पाठ, वरचा आणि खालचा पत्रा मिळून जवळपास २ चौरस मीटर होतात. ०.७ जाडीचा असेल तर नुसता सांगाडा ११ किलो, १.२ चा असेल तर जवळजवळ १९. सांगितलेली जाडी आणि प्रत्यक्ष वजन जुळत नसेल तर दुकानदाराला विचारायचं. मी हे गणित मुलांना क्षेत्रफळाच्या धड्यानंतर दिलं होतं. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा यात भांडाभांडी जास्त झाली.

खण बॉल बेअरिंगच्या चॅनेलवर सरकणारा हवा, आणि पूर्ण बाहेर येणारा. अर्धाच येणाऱ्या खणात मुलं मागे हात घालतात आणि तिथेच करवत असते. प्रत्येक खणाचा भार वेगळा लिहून घ्या. बाकी रंग, हँडलचा आकार, वर रबरी चटई आहे की नाही, यात वेळ घालवू नका. कोकणातल्या शाळांनी मात्र पावडर कोटिंग खणाच्या आतूनही आहे का ते बघावं. पावसाळ्यात गंज आतूनच धरतो.

दरपत्रक मागताना

आमची खरी चूक इथे झाली. मागणीपत्रात आम्ही फक्त ‘टूल ट्रॉली, ५ खणी, १ नग’ लिहिलं. असं लिहिलं की स्वस्त तेच पात्र ठरतं, मग समितीला दोष देऊन उपयोग नाही. या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी मागणीपत्रात हे घालायला लावलं: सांगाडा १८ गेज, जोड वेल्डिंगचे, खण बॉल बेअरिंग चॅनेलवर आणि प्रत्येकी ३० किलो क्षमतेचे, इंटरलॉक, ५ इंची चाकं प्रत्येकी ६० किलोची, फिरत्या दोघांना ब्रेक, रिकाम्या ट्रॉलीचं वजन लेखी. एका पालकांनी विचारलं, ‘बाई, एवढं कशाला? पेटीच तर आहे.’ मी त्यांना तो टेबलाचा प्रसंग सांगितला. सही लगेच झाली.

ट्रॉली आली की पोचपावतीवर सही करण्याआधी एक चाचणी करा. पोषण आहाराच्या तांदळातले १०-१० किलो दोन पिशव्यांत मोजून घ्या, मधल्या खणात ठेवा आणि खण वीस वेळा उघडा-मिटा. अडकला, वाकला, किंवा बंद करताना एका बाजूने घासला तर परत पाठवा. मग तोच खण उघडा ठेवून दुसरा ओढून बघा. उघडला, तर इंटरलॉक नाही. तांदूळ परत कोठीत ठेवायला विसरू नका, आमच्या स्वयंपाकीणताई हिशोब मागतात.