‘हजर’ म्हणणारा खरा कोण?

समजा, मेहकरच्या एका शाळेत संगणकांची खोली आहे. तिथून मुंबईला निघालेला संदेशही आधी शाळेतल्याच राउटरकडे जातो. संगणकाला राउटरचा आयपी क्रमांक ठाऊक असतो. पण केबलवरून माहिती पोचवायला राउटरच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता लागतो. तो कसा मिळणार?

संगणक सगळ्यांनाच विचारतो, “हा क्रमांक कोणाचा?” ज्याचा असेल तो आपला पत्ता कळवतो. उत्तर काही काळ स्मृतीत राहते. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली मांडलेली ही पद्धत म्हणजे एआरपी.

पण उत्तर देणाऱ्याची ओळख इथे कोणी तपासत नाही. हजेरीला भलत्यानेच ‘हजर’ म्हणावे, तसा एखादा संगणक राउटरच्या नावाने आपला पत्ता देऊ शकतो. मग सर्वांचे संदेश त्याच्या हातून जातात.

यावर उपाय म्हणजे क्रमांक आणि पत्त्याची जोडी स्वतःच कायमची नोंदवणे. मात्र ही ‘कायम’ नोंदही स्मृतीतच असते. वीज गेली की पुसली जाते. म्हणून लिनक्समध्ये अशा जोड्या ‘इथर्स’ नावाच्या फाइलीत लिहितात आणि संगणक सुरू होताना ती वाचण्याची आज्ञा देतात. नेटवर्क जोडले जाण्याआधी आज्ञा दिली, तर नोंद होतच नाही. परतीच्या संदेशांसाठी राउटरवरही अशा नोंदी हव्यात. आणि राउटर बदलला, की फाइलही बदलावी लागते.

विद्यार्थ्यांना ‘एआरपी -ए’ ही आज्ञा देऊन यादी पाहू द्या. यातल्या कोणत्या नोंदी विचारून मिळालेल्या आहेत आणि कोणत्या आपण लिहिलेल्या?