वाळवंटात पाणी ठेवणं गुन्हा आहे का? अ‍ॅरिझोनातल्या स्वयंसेवकांची लढाई

जून २०१९. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिको सीमेवरच्या लुकव्हिल गावाजवळच्या वाळवंटात सहा वर्षांच्या एका भारतीय मुलीचा मृतदेह सापडला. तिच्यासोबत तिची आई होती. तस्करांनी त्यांना सीमेजवळ सोडून दिलं होतं. तापमान ४२ अंशांच्या आसपास. मुलीला सोबतच्या दुसऱ्या महिलेकडे ठेवून आई पाणी शोधायला गेली. आई नंतर जिवंत सापडली, मुलगी नाही.

ही बातमी तेव्हा आपल्याकडेही आली होती. पण त्याच वाळवंटात अनेक वर्षांपासून काही सामान्य माणसं पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन फिरतात, हे आपल्यापर्यंत फारसं पोचलं नाही. आपण मोहर्रममध्ये सबील लावतो, उन्हाळ्यात पाणपोई उघडतो. यांचं काम तसंच, फक्त पाणी पिणारा माणूस त्यांना बहुतेक वेळा दिसतच नाही.

आधी हे समजून घ्यायला हवं की लोक अशा जागी जातातच कशाला. १९९४ मध्ये अमेरिकी सीमा दलाने नवं धोरण आणलं. शहरांजवळचे सोपे रस्ते बंद करायचे, म्हणजे उरलेला कठीण प्रदेश बघून लोक आपोआप मागे फिरतील, असा हिशेब. लोक फिरले नाहीत. गरिबी आणि हिंसेतून निघालेली माणसं सोनोरन वाळवंटातून चालू लागली. २००० नंतर एकट्या दक्षिण अ‍ॅरिझोनात चार हजारांहून जास्त मृतदेह किंवा अवशेष सापडले आहेत. जे सापडलेच नाहीत, त्यांची गणती कोण करणार?

वाळवंटातला हिशेब साधा आहे. उन्हाळ्यात चालणाऱ्याला दिवसाला चार लिटर पाणीसुद्धा पुरत नाही. वाट चार-पाच दिवसांची, कधी आठवड्याची. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वीस किलो ओझं, तेही डोंगर चढत-उतरत. एवढं कुणी नेऊ शकत नाही. मग गुरांसाठी ठेवलेल्या टाक्यांतलं हिरवट पाणी प्यायलं जातं, त्यातून जुलाब होतात आणि शरीर आणखी लवकर कोरडं पडतं. पायाला फोड येणं हेही तिथं जीवघेणं ठरतं, कारण मागे राहिलेल्यासाठी टोळी थांबत नाही.

म्हणून मदतीचं सामानही तसंच असतं: पाणी, डबाबंद राजमा, मोजे, मलमपट्टी, हिवाळ्यात ब्लँकेट. टूसॉनच्या ‘ह्युमेन बॉर्डर्स’ या संस्थेने मोठी निळी पिंपं ठेवली, वर उंच निळा झेंडा, लांबून दिसावा म्हणून. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर डेथ्स’चे स्वयंसेवक पायवाटांवर जवळपास पावणेचार लिटरचे, म्हणजे एक गॅलनचे कॅन ठेवतात आणि पुढच्या फेरीत किती रिकामे झाले ते मोजतात. या संस्थेच्या नोंदीनुसार २०१२ ते २०१५ या काळात एका पट्ट्यात ठेवलेले ३,५८६ कॅन फोडलेले आढळले. काही ठिकाणी सीमा दलाचे जवानच हे करतात, असा आरोप करणारा अहवाल संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच दिवशी अहो या गावात संस्थेचा स्वयंसेवक आणि भूगोलाचा शिक्षक स्कॉट वॉरन याला अटक झाली. दोन स्थलांतरितांना अन्न-पाणी आणि आसरा दिला, हे कारण. वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. सरकारने पुन्हा खटला चालवला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्युरीने त्याला या आरोपांतून निर्दोष सोडलं.

इथं कायद्याची रेषा बारीक आहे. स्वयंसेवक पाणी देतात, जखम धुतात, रुग्णवाहिका बोलावतात. पण लपवणं, गाडीतून पुढे नेणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं, म्हणून नव्या लोकांना हे आधी शिकवलं जातं. तरी अडचणी येतातच. २००८ मध्ये एका स्वयंसेवकाला चौदा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. दोनच दिवसांनी, अभयारण्यात पाण्याचे कॅन ठेवले म्हणून त्याच्यावर कचरा टाकल्याचा गुन्हा लागला! पिण्याचं स्वच्छ पाणी म्हणजे कचरा, हे अपील न्यायालयाला पटलं नाही आणि २०१० मध्ये शिक्षा रद्द झाली.

आपल्या वाचकांनी खास लक्ष द्यावं असा निकाल फेब्रुवारी २०२० चा आहे. काबेझा प्रिएटा अभयारण्यात परवान्याशिवाय जाऊन पाणी आणि राजमा ठेवणाऱ्या चार महिलांना आधी दोषी ठरवलं गेलं होतं. अपिलात त्यांनी १९९३ च्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेतला. तहानलेल्याला पाणी देणं ही आमची श्रद्धा आहे, कुठल्या चर्चची सक्ती नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीश रोझमेरी मार्केझ यांनी ते मान्य केलं.

पाणी ठेवल्याने बेकायदा घुसखोरीला उत्तेजन मिळतं, असं सरकारी पक्ष म्हणत होता. म्हणजे मरणाची भीती कायम राहावी, असाच त्याचा अर्थ होतो, आणि न्यायाधीशांनीही या तर्कावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. मला वाटतं, घर सोडून निघालेला माणूस पुढे कुठे पाण्याचा कॅन असेल, या भरवशावर निघत नाही. त्याला तो कॅन ठाऊकही नसतो. चारही महिलांची शिक्षा रद्द झाली. कॅन ठेवायचं काम मात्र खटले चालू असतानाही थांबलं नव्हतं.