शांता शेळके : कवयित्रीच्या आतली अनुवादिका

मोहोळहून पुण्याच्या रस्त्याला लागले, मोडनिंब-टेंभुर्णी मागे टाकून भीमा ओलांडली, की इंदापूर येते. आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या वेशीलगतच्या या गावी १२ ऑक्टोबर १९२२ रोजी शांता जनार्दन शेळके यांचा जन्म झाला. ‘गणराज रंगी नाचतो’ वाजल्याशिवाय गणेशोत्सव पार पडला, असे गाव आमच्या भागात शोधून सापडायचे नाही. गीतकार शांताबाई अशा घरोघर पोचल्या. अनुवादिका शांताबाईंची मात्र तेवढी दखल आपण घेतलेली नाही. खरे तर त्यांच्या कवितेचे मर्म त्यांच्या अनुवादांतच सापडते.

वडील वनखात्यात नोकरीला. बालपण खेड-मंचरच्या परिसरात गेले, ओव्या आणि स्त्रीगीते कानांवर पडत. पुढे पुण्यात हुजूरपागा आणि स. प. महाविद्यालय. तिथे संस्कृतची गोडी लागली. एम. ए. झाल्यावर आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये त्यांनी लेखणी घासली. नागपूरचे हिस्लॉप, मुंबईचे रुइया आणि महर्षी दयानंद या महाविद्यालयांत अध्यापन केले. ‘वर्षा’ हा पहिला कवितासंग्रह १९४७चा.

या साऱ्या शिदोरीचा उपयोग कसा झाला, हे एका गाण्यात स्वच्छ दिसते. ‘तोच चंद्रमा नभात’चे मूळ शीलाभट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या संस्कृत श्लोकात आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तो उद्‌धृत केला आहे. ही शीलाभट्टारिका म्हणजे बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याची कन्या, असा निष्कर्ष एका ताम्रपटाच्या आधारे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील संशोधकांनी २०२३मध्ये मांडला. श्लोकातली नायिका म्हणते, तोच प्रियकर आज पती आहे, चैत्राच्या रात्री त्याच, मालतीचा गंध तोच, मीही तीच. तरी मन ओढ घेते ते रेवाकाठच्या वेताच्या बनाकडे. शांताबाईंनी यातली चैत्ररात्र घेतली, रेवाकाठ सोडला आणि बोलणारा पुरुष केला. मूळ श्लोकातली ओढ त्यांच्याकडे ओसरलेल्या प्रीतीची खंत झाली. ‘सारे तेच, तरी ते नाही’ हा गाभा मात्र जागचा हलू दिला नाही. सुधीर फडक्यांनी चाल लावून गायलेले हे गीत ऐकताना ते परभाषेतून आले आहे, असे पुसटसेही जाणवत नाही.

लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चे त्यांनी ‘चौघीजणी’ केले आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या चार बहिणी मराठी मुलींच्या जिवाभावाच्या झाल्या. जपानी हायकू त्यांनी ‘पाण्यावरच्या पाकळ्या’त आणले, गुलजारांच्या ‘त्रिवेणी’ला मराठी रूप दिले. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर अशा मातब्बरांनी आधीच हात घातलेल्या ‘मेघदूता’चाही त्यांनी अनुवाद केला. कालिदासाचे विस्तीर्ण वर्णन आणि हायकूच्या तीन ओळी एकाच लेखणीला पेलणे, ही सोपी गोष्ट नव्हे. शब्द कुठे सैल सोडायचा आणि कुठे आवरायचा, याची जाण त्याला लागते.

हीच जाण ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गं’ या कोळीगीतांत कामी आली. समुद्रापासून दूर वाढलेल्या बाईने दर्यावर जगणाऱ्यांची बोली आणि तिचा ठेका आपलासा केला. दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकायचे आणि मग त्याच्या जागी उभे राहून बोलायचे, हे त्यांना साधले होते. अनुवादकाला तरी याहून वेगळे काय करायचे असते?

१९९६मध्ये आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कुसुमावती देशपांडे आणि दुर्गा भागवत यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्या महिला अध्यक्ष. ६ जून २००२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कवीचे अनुवाद ‘इतर लेखना’त ढकलून मोकळे होण्याची आपली रीत आता मोडायला हवी. महाविद्यालयांत ‘तोच चंद्रमा’ शिकवताना शीलाभट्टारिकेचा श्लोकही शेजारी ठेवावा. शतकांच्या अंतरावरून दोन कवयित्री एकमेकींशी कशा बोलतात हे मुलांना दिसेल, आणि अनुवादालाही कवितेइतकीच प्रतिभा लागते हे वेगळे सांगावे लागणार नाही.