गरिबाची भाकरी : शेजारधर्म की राजधर्म?



मुंबईच्या चौपाटीवरील विल्सन कॉलेज आपणांपैकी पुष्कळांनी निदान बाहेरून तरी पाहिले असेल. ज्या डॉ. जॉन विल्सन यांचे नाव त्या संस्थेला आहे, ते स्कॉटलंडचे मिशनरी. १८४३ साली त्यांच्या मायदेशातील राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली, तेव्हा विल्सन यांनी नव्या फ्री चर्चची बाजू घेतली. त्या फुटीचे पुढारी होते डॉ. टॉमस चामर्स. मला आज सांगावयाचे आहे ते त्या फुटीविषयी नव्हे. याच चामर्स यांनी गरिबांच्या मदतीविषयी एक मोठा वाद घातला, आणि त्या वादात एका धर्मोपदेशकाचाच मुलगा, एडिंबरोचा एक डॉक्टर, त्यांच्या विरुद्ध उभा राहिला. त्या वादाविषयी मी बोलणार आहे. गरिबाला भाकरी द्यावयाची, याबद्दल दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. प्रश्न होता तो ती कोणी द्यावी याचा. शेजाऱ्याने आपखुशीने द्यावी, की सरकारने कर बसवून?

ख्रिस्ती माणूस असा प्रश्न पडला की आधी बायबल उघडतो. पण तेथे त्याला एकच उत्तर मिळत नाही. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला उचलून नेणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट आपणांस ठाऊक असेल. त्याला कोणी हुकूम केला नव्हता. त्याला दया आली आणि त्याने स्वतःच्या खिशातले पैसे काढून धर्मशाळेवाल्याला दिले. संत पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिताना, दान सक्तीने नव्हे तर संतोषाने द्यावे, असाच उपदेश केला आहे. हा एक पक्ष झाला. पण त्याच ग्रंथात मोशेचे नियमशास्त्रही आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा, असे ते सांगते. तेथे शेतकऱ्याला दया येते की नाही, हे कोणी विचारीत नाही. ते गरिबाचे देणेच आहे.

आता चामर्स यांच्याकडे वळू. १८१५ साली ते ग्लासगोला आले. कापसाच्या गिरण्यांनी ते शहर झपाट्याने फुगत होते. खेड्यात धर्मोपदेशकाला घर न् घर माहीत असे. येथे शेजारी शेजाऱ्याला ओळखीनासा झाला होता. गरिबांसाठी शहरात सक्तीचा कर होता, पण त्याने गरिबी हटत नाही आणि माणुसकी मात्र आटते, असे चामर्स यांचे मत झाले. १८१९ साली त्यांना सेंट जॉन नावाचा नवा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालचा वस्तीचा भाग, मिळाला. वस्ती सुमारे १०,००० लोकांची, आणि बहुतेक मजूर. नव्या गरजूंना कराच्या पैशातून काही न देता, चर्चच्या दाराशी जमणाऱ्या वर्गणीतून भागवू, असे त्यांनी नगरपालिकेकडून कबूल करून घेतले.

त्यांची व्यवस्था मुळातून पाहण्यासारखी आहे. पॅरिशचे त्यांनी २५ भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एक डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, नेमला. कोणी मदत मागितली की डीकनने त्याच्या घरी जावयाचे. याला काम मिळवून देता येईल का? याचा भाऊ, मुलगा, जावई कोठे आहे? शेजारी काही करतील का? या वाटा संपल्या म्हणजे मग चर्चच्या पेटीला हात घालावयाचा. चामर्स म्हणत, मदतीचे झरे चार आहेत: माणसाची स्वतःची काटकसर, आप्तांची माया, श्रीमंतांची सहानुभूती, आणि गरिबांनी गरिबांना दिलेला हात. यांतला शेवटचा झरा त्यांना फार मोलाचा वाटे, आणि ते खरेही आहे. ज्याच्या घरी आज चूल पेटली आहे तो शेजारच्या थंड चुलीकडे दुर्लक्ष करीत नाही, हे गरीब वस्तीत राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सरकारी करामुळे हे झरे बुजतात, असा त्यांचा सिद्धांत होता. मात्र आजाऱ्यांसाठी, वेड्यांसाठी व मुक्याबहिऱ्यांसाठी सार्वजनिक संस्था असण्यास त्यांची हरकत नव्हती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

वर्षाला सुमारे १,४०० पौंडांचा खर्च २८० पौंडांवर आला, असा या प्रयोगाचा हिशेब दिला जातो. टीकाकार म्हणाले, चामर्स यांचे वक्तृत्व असे की शहरातले श्रीमंत लोक बाहेरून त्यांच्या चर्चमध्ये येत. अशी पेटी इतर पॅरिशांना कोठून मिळणार? १८२३ साली चामर्स प्राध्यापक होऊन ग्लासगो सोडून गेले. प्रयोग त्यांच्यामागे १८३७ पर्यंत चालला आणि थांबला.

पुढे १८४० साली डॉ. विल्यम पुल्टनी ॲलिसन यांनी स्कॉटलंडमधील गरिबांच्या व्यवस्थेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ॲलिसन एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते आणि शहरातल्या अंधाऱ्या बोळांतून तापाच्या रोग्यांना तपासत फिरलेले होते. त्यांनी सांगितलेली एक हकीकत पुढे टॉमस कार्लाइल यांनी आपल्या ग्रंथात घेतली आणि ती सर्वत्र झाली. एडिंबरोच्या एका बोळात एका आयरिश मजुराची विधवा तीन मुले घेऊन राहत होती. ती शहरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या दाराशी गेली. तेथून दुसरीच्या, तेथून तिसरीच्या. सगळीकडून तिला परत पाठविण्यात आले. शेवटी ती टायफस तापाने मेली. पण मरण्यापूर्वी तिचा ताप बोळभर पसरला आणि आणखी १७ माणसे दगावली.

श्रोतेहो, या हकीकतीत त्या संस्थांतील माणसे दुष्ट होती असे कोठेही नाही. प्रत्येकीचे काही नियम असतील, पैसाही अपुरा असेल, आणि प्रत्येकीला वाटले असेल की दुसरी कोणी तरी पाहील. ऐच्छिक दानाचे मर्म येथेच आहे. देणे ज्याच्या खुशीवर आहे, त्याला नाही म्हणण्याचीही मुभा असते. आणि सर्वांनीच नाही म्हटले तर दोष कोणाचाच नसतो. ॲलिसन यांचे म्हणणे असे की, आपखुशीच्या व्यवस्थेत सारा भार थोड्या सहृदय माणसांवर पडतो आणि कृपण मोकळे सुटतात. कर सर्वांना सारखा लागतो. शिवाय उपासमार ही तापाची वाट आहे. म्हणून ती रोखणे हे साऱ्या शहराचे काम आहे. त्याच वर्षी ग्लासगोत भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात या दोघांचा समोरासमोर वाद झाला.

वादाचा निकाल युक्तिवादाने लागला नाही, घटनांनी लागला. १८४३ च्या फुटीत चामर्स यांच्यामागे ४५० हून अधिक धर्मोपदेशक राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले. गावोगावच्या मंडळ्या दुभंगल्या. मग पॅरिशच्या पेटीवर गरीब पोसावा कसा? १८४५ साली पार्लमेंटने स्कॉटलंडसाठी नवा कायदा केला. म्हातारे, पंगू, अनाथ यांना मदत नाकारली गेली तर दाद मागण्याची सोय झाली. धडधाकट बेकाराला मात्र त्या कायद्याने हक्क दिला नाही.

पुढची शंभर वर्षे ख्रिस्ती विचार या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिला. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी, कुटुंबाला व लहान संस्थांना जे साधते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, असे बजावले. यात चामर्स यांचा सूर ऐकू येतो. उलट इंग्लंडचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी १९४२ साली, घर, शिक्षण व मिळकत यांची हमी ही समाजव्यवस्थेतच असली पाहिजे, असे प्रतिपादन केले. तेथे ॲलिसन यांचा वारसा दिसतो.

मला स्वतःला वाटते की या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. गरिबाला ओळखतो कोण, हा एक. आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा कोणालाच नाही अशी व्यवस्था कोणती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चामर्स यांच्या डीकनाने दिले, दुसऱ्याचे ॲलिसन यांच्या कायद्याने. आणि गंमत अशी की, डीकन ही संस्था जन्मली ती एका तक्रारीतून. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे की, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. कुरकुर झाली, तेव्हा सात माणसे नेमण्यात आली. प्रेम तेथे होतेच, तरी काही विधवा उपाशी राहत होत्या. म्हणून नियम करावा लागला.

कायदा रोग्याच्या उशाशी बसत नाही, ते शेजाऱ्याचेच काम. पण शेजारी कितीही भला असला तरी एडिंबरोच्या त्या विधवेला चौथे दार उघडे सापडण्याची हमी तो देऊ शकत नाही. ज्या गावात माणसे एकमेकांच्या घरी जात नाहीत तेथे कायदा कोरडा पडतो. आणि जेथे कायदा नाही तेथे भल्या माणसांच्या दारांवरून हिंडता हिंडता गरीब मरतो. आपल्या गावात यांपैकी कशाची उणीव आहे, हे प्रत्येकाने घरी परतताना, वाटेतल्या बोळांकडे पाहत, स्वतःशी ठरवावे.