ताशीं दीडशें मैल

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा राजमार्ग साक्रीवरून जातो, आणि त्याच साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या परिसरांत पवनचक्क्या उभ्या आहेत. राजमार्गावरून धांवणारी मोटार व माळावर फिरणारी चक्की यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें वाटसरूच्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः दोघींचा हिशेब एकच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यांतील शक्ति दुप्पट होत नाहीं, आठपट होते. चक्की जागच्या जागीं उभी असते व हवा तिच्यावर चालून येते. मोटार स्वतः हवेवर चालून जाते. जें चक्कीला मिळतें, तें मोटारीला मोजावें लागतें.

शर्यतीच्या घाटाची मोटार दिसली कीं घरांतील मुलें प्रथम विचारतात तें हेंच, कीं ही जास्तींत जास्त किती पळते? प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर फार नाजूक असतें. याचें नामांकित उदाहरण म्हणजे जग्वार कंपनीची 'ई-टाइप' ही गाडी. मार्च १९६१ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. पुढें २००८ सालीं मुंबईच्या टाटा मोटर्सनें ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली. तेव्हां हें उदाहरण आतां अगदींच परक्या घरचें नव्हे.

ही गाडी दोन घाटांत निघाली: एक उघडी व दुसरी कूपे. कूपे हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ 'कापलेली'. समोरासमोरच्या बैठकींपैकीं एक कमी करून जी आखूड घोडागाडी बनवीत, तिला हें नांव होतें. मोटारींत तें दोन दारांच्या, कायमचें छप्पर असलेल्या गाडीस मिळालें. ई-टाइपचें छप्पर मागें हळूहळू उतरत जातें. तिचा आकार ठरविणारे माल्कम सेयर हे पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत होते, आणि गाडीच्या वक्ररेषा ते गणितानें आंखीत.

'ऑटोकार' या इंग्रज नियतकालिकानें कूपेची चाचणी घेतली तेव्हां वेग भरला ताशीं १५०.४ मैल, म्हणजे सुमारें २४२ किलोमीटर. 'द मोटर' या दुसऱ्या नियतकालिकास उघड्या गाडीचा वेग १४९.१ मैल मिळाला. त्या काळीं ही मजल विलक्षण होती, व 'दीडशें मैलांची गाडी' हें बिरुद ई-टाइपला कायमचें चिकटलें.

परंतु चाचणीच्या या गाड्या काळजीपूर्वक सिद्ध केलेल्या होत्या. त्यांना टायरहि शर्यतीचे घातलेले होते. सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीचा कांटा बहुधा त्याच्या कांहीं मैल अलीकडेच थांबे. कांहीं मैलांचें तें काय, असें कोणी म्हणेल. श्रोत्यांनीं येथें एक लहानसा हिशेब करून पाहावा. १४० वरून १५० मैलांवर जाण्यास वेग चौदाव्या हिश्श्यानें वाढवावा लागतो. पण हवेला मोजावयाची शक्ति मात्र जवळजवळ सव्वापट होते. कंपनीनें एंजिनाची शक्ति २६५ अश्वशक्ति सांगितली होती. हा आकडा त्या वेळच्या रीतीप्रमाणें चाचणीच्या मंचावरचा. रस्त्यावर चाकांपर्यंत त्याहून बरीच कमी शक्ति पोंचते. शेवटचे दहा मैल सर्वांत महाग पडतात ते यामुळें. जाहिरातींत मात्र तेच सर्वांत स्वस्त असतात!

एंजिनापासून मागच्या चाकांकडे गति नेणारीं दंतचक्रें बदललीं तरी आकडा बदलतो. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल, जिचीं दारें पक्ष्याच्या पंखांप्रमाणें वर उघडत, ती निरनिराळ्या दंतचक्रांसह मिळे. एक जोडी घेतली तर गाडी लौकर वेग घेई, पण लौकरच तिची मर्यादा येई. दुसरी घेतली तर सुरुवात सावकाश, परंतु अखेरचा वेग ताशीं २६० किलोमीटरांपर्यंत. तीच गाडी, तेंच एंजिन!

चाचणी घेणारे म्हणूनच एकाच रस्त्यावर जातांना व येतांना वेग मोजून सरासरी काढतात. पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा समोरच्या वाऱ्यानें बहुतेक फिटतो. उष्णतेचें कौतुक मात्र निराळें आहे. खानदेशांत वैशाखांत पारा ४२ अंशांवर गेला, तर १५ अंशांच्या विलायती हवेपेक्षां तेथील हवा, उंचीचा फरक सोडल्यास, सुमारें बाराव्या हिश्श्यानें विरळ होते. विरळ हवा गाडीस अडविते कमी; परंतु तीच हवा एंजिनाच्या पोटांतहि जाते, आणि तेथें ती कमी भरल्यामुळें जुन्या धर्तीच्या एंजिनाची शक्तिहि तितकीच घटते. अखेरचा वेग जवळजवळ होता तेथेंच राहतो.

डिसेंबर १९६५ मध्यें ब्रिटननें आपल्या मोटारमार्गांवर ताशीं ७० मैलांची मर्यादा घातली. ७० मैलांस हवा ई-टाइपकडून जी शक्ति मागते, ती १५० मैलांच्या वेळच्या शक्तीचा अवघा दहावा हिस्सा. ब्रेकचा हिशेब मात्र घनाचा नसून वर्गाचा आहे: १५० मैलांवरून थांबण्यास ७० मैलांच्या मानानें सुमारें साडेचारपट अंतर लागतें, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जी पुढें निघून जाते, तें अंतर त्यांत धरलेलेंच नाहीं.