आधी पुरावा, मग गॅस

फर्नेस पेटत नाही म्हणून बोलावलं की काका हत्यारांची पेटी उघडत नाहीत. तळघरात फर्नेससमोर स्टूल टाकून बसतात, पुढचं झाकण काढतात आणि वर हाक देतात, "थर्मोस्टॅट 5 अंशांनी वाढवा. आणि जरा गप्प बसा सगळे."

शिकागोच्या पश्चिमेकडची ही उपनगरं. जानेवारीत इथे कधीकधी फॅरनहाइटचं शून्यही मागे पडतं, म्हणजे आपल्या हिशेबात उणे 18च्या खाली. घरातली मंडळी स्वेटरवर शाली गुंडाळून जिन्यात उभी, आणि हे गृहस्थ कान देऊन बसलेले. काका मेकॅनिकल इंजिनिअर, ऐंशीच्या दशकात इकडे आलेले, आता निवृत्त. ओळखीच्या मराठी घरांत हीटिंग बंद पडलं की पहिला फोन त्यांना. टॉर्च धरायला मी असतो. झाकण काढलं की त्यामागचा सुरक्षा स्विच सुटतो आणि वीजच तुटते, म्हणून पाहणीपुरता तो दाबून धरावा लागतो. तेही काम माझंच. काहीजण तिथे सरळ टेप चिकटवतात. काकांना ते खपत नाही. "टेप विसरून घरी जाता येतं. बोट विसरून जाशील का?"

आजची गॅस फर्नेस मुळात संशयी असते. तिचा कंट्रोल बोर्ड म्हणजे तहसील कचेरीतला कारकून: आधीचा कागद आल्याशिवाय पुढच्यावर सही नाही. थर्मोस्टॅटकडून 24 व्होल्टचा निरोप आला की आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा घरघरू लागतो. जळालेला वायू बाहेर ढकलणं हे त्याचं काम. पण पंखा फिरतोय एवढ्यावर बोर्ड विश्वास ठेवत नाही. हवा खरंच ओढली जातेय, हे प्रेशर स्विचच्या पातळ पडद्याला जाणवावं लागतं. तो 'टक्' करून जोडला गेला की मग इग्नायटर तापून केशरी होतो. मग व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर एकापाठोपाठ एक पेट घेतात. एवढं होऊनही काही सेकंदांत फ्लेम सेन्सरनं ज्योतीची खात्री दिली नाही, तर गॅस बंद.

म्हणून "पेटत नाही" या तक्रारीत तीन-चार वेगळी दुखणी दडलेली असतात आणि ती कानानंच वेगळी होतात. घरघर नाहीच? मग थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या किंवा बोर्डावरचा छोटा फ्यूज बघायचा. घरघर आहे, 'टक्' नाही? मग हवेची वाट कुठेतरी अडली आहे. 'टक्' झालं आणि उजेड नाही? मग इग्नायटर. सिलिकॉन कार्बाइडचे जुने इग्नायटर ठिसूळ असतात, केसाएवढी चीर गेली तरी संपले. बोर्डावरचा लहान दिवाही ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो आणि त्याचा तक्ता बहुधा झाकणाच्या आतच चिकटवलेला असतो. तो वाचायचे कष्ट मात्र फार कमी जण घेतात.

एकदा एका घरी मात्र सगळं क्रमानं झालं. घरघर, टक्, केशरी उजेड, निळ्या ज्योतींची रांग. जिन्यातून "आली, आली!" असा आवाजही आला. आणि ज्योती विझल्या. बोर्डानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. असे काही प्रयत्न फसले की तो लॉकआउटमध्ये जातो आणि बराच वेळ कोणाचं ऐकत नाही.

"आग लागतेय," काका म्हणाले, "फक्त दिसत नाहीये तिला."

फ्लेम सेन्सर म्हणजे ज्योतीत राहणारी एक साधी धातूची काडी. ज्योतीतून वीज वाहते, पण फार थोडी. बोर्ड काडीला एसी देतो. काडी बारीक आणि समोरचा बर्नर मोठा, त्यामुळे प्रवाह जवळजवळ एकाच दिशेनं जातो आणि बोर्डाला तो डीसी दिसतो. तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या तर असा प्रवाह येत नाही, म्हणून खोटी साक्ष चालत नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं. प्रवाह असतो अवघा काही मायक्रोअँपिअर. काडीवर पांढुरकं पुट चढलं की तोही आटतो.

काकांनी वीज आणि गॅस बंद केला, एक स्क्रू काढून काडी बाहेर घेतली आणि बारीक स्टील वूलनं पुसली. बसवताना मीटर मध्ये जोडला. काटा 3च्या आसपास स्थिरावला आणि ज्योती टिकल्या.

इतका सोपा शेवट नेहमी होत नाही. एका घरी 'टक्' येत नव्हतं आणि मालकानं प्रेशर स्विच आधीच बदलला होता. स्विच बिचारा खरं बोलत होता. बाहेरच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपांचं तोंड बर्फानं बुजलं होतं. कंडेन्सिंग फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं, त्याची नळी तुंबली तरी हेच घडतं. अशा वेळी तारेचा तुकडा लावून स्विचला वळसा घालणारे महाभाग असतात. फर्नेस पेटते, पण बाहेर जायचा वायू घरात साचू शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नैसर्गिक वायूलाही स्वतःचा वास नाही, तो मुद्दाम मिसळतात. 1937 साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे 300 जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासनं वास मिसळणं सक्तीचं केलं. तो वास आला तर काका स्टूल टाकत नाहीत. दिव्याचं बटणही दाबू न देता सगळ्यांना बाहेर काढतात आणि गॅस कंपनीला फोन करतात, तोही बाहेर जाऊन.

त्या पहिल्या घरी ज्योती टिकल्यावर थोड्या वेळानं मोठा ब्लोअर सुरू झाला, वरच्या जाळ्यांतून ऊब यायला लागली. मंडळी पांगली. काका मात्र फर्नेस एकदा आपणहून बंद होऊन पुन्हा पेटेपर्यंत उठत नाहीत. तेवढ्यात त्यांनी फिल्टर ओढून काढला. राखाडी, गोधडीइतका जाड.

"हा कधी बदललास?"

यजमान बायकोकडे बघायला लागले.

"अरे, हवा अडली की आतला पत्रा तापतो, लिमिट स्विच उडतो आणि तू पुन्हा मला फोन करतोस. आहे का नवीन?"

नव्हता. दुकान 9 वाजता बंद होतं. काकांनी मापाचे आकडे माझ्या तळहातावर लिहिले आणि गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली.