व्यायामाची प्रेरणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडीच्या आरंभी गजबजलेल्या व्यायामशाळा संक्रांत उलटेपर्यंत विरळ होऊ लागल्या, की त्याचे खापर आपण माणसाच्या आळसावर फोडून मोकळे होतो. परंतु प्रेरणेविषयीच्या आपल्या कल्पनाच प्रथम तपासून पाहणे इष्ट होय.

गैरसमज : मनात स्फूर्ती उत्पन्न झाली, की व्यायाम आपोआप घडतो.

वस्तुस्थिती : मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, व्यायामाचे लाभ आणि हृदयविकाराचा धोका पटवून देणारा मजकूर वाचलेल्या विद्यार्थ्यांचा संकल्प दृढ झाला खरा, पण त्या आठवड्यात प्रत्यक्ष व्यायाम करणारे त्यांत शेकडा ३५ निघाले, आणि ज्यांना असे काहीच वाचावयास दिले नव्हते त्यांतही ते शेकडा ३८ होते. उलट, तोच मजकूर वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे व्यायाम करणार हे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांतील शेकडा ९१ जणांनी तो केला. स्थळकाळाची तजवीज नसेल, तर संकल्प कागदोपत्रीच राहतो.

गैरसमज : बक्षीस लावले, की गोडी वाढते.

वस्तुस्थिती : लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये, मुळातच हौसेने चित्रे काढणाऱ्या बालकांपैकी काहींना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळी त्यांची ती हौस ओसरलेली आढळली, ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची मात्र ओसरली नाही. डेसी आणि रायन यांच्या सिद्धांतानुसार, बक्षीस हे अंकुश म्हणून जाणवले तर अंतःप्रेरणा क्षीण होते, आणि प्रावीण्याची पावती म्हणून जाणवले तर ती पुष्ट होते. कराटेतील रंगीत पट्ट्याचा परिणामही, शिष्य त्याला अंगी बाणलेल्या कौशल्याचा दाखला मानतो की हजेरीचा मोबदला, यावरच ठरावा.

गैरसमज : एकवीस दिवसांत सवय जडते.

वस्तुस्थिती : ही मुदत मॅक्सवेल माल्ट्झ या शल्यविशारदाच्या १९६० मधील पुस्तकावरून रूढ झाली, त्याने तर, रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान एकवीस दिवस लागतात, एवढेच नोंदविले होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, मध्यम प्रमाणाने ६६ दिवस लागले. मात्र एखादा दिवस चुकल्याने या घडणीत लक्षणीय बाधा आली नाही. तेव्हा एका खाड्यानंतर आखाड्यात परतलेल्या मुलाची खरडपट्टी काढण्याऐवजी, वस्तादाने त्याला नेहमीच्या जोर-बैठकांचा हुकूम सोडावा, हेच शास्त्राला धरून होईल.